दप्तराचे रुमाल

"विमल, तुझे रुमाल दे," सिस्टर गायकवाड दारातूनच म्हणाल्या.

मी शिडीवर होते. नाकाला पदर बांधलेला, हातात संस्थानी काळातला एक गठ्ठा, आणि खाली तातोबा शिपाई शिडी धरायच्या निमित्तानं उभ्या उभ्या पेंगत होते. भोगीचा रविवार होता. सगळं गाव तीळ लावलेली भाकरी खाऊन उन्हात बसलं होतं आणि आम्ही दोघं धूळ खात होतो. असल्या वेळी कुणी काही मागितलं की माझं डोकं फिरायचंच. मी वरूनच म्हटलं, रुमाल काय, खोलीसुद्धा घेऊन जा, मला तरी सुटका मिळेल.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी सरकारी कागदपत्रं ज्या मोठ्या चौकोनी लाल कापडात बांधतात, त्याला कचेरीत रुमाल म्हणतात. आमची आरोग्य खात्याची रेकॉर्ड रूम म्हणजे अशा लाल गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली लांबोडकी खोली. ती कुटीर रुग्णालयाच्या आवारातच, बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून होती. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे पोर जन्मलं की तातोबा रडण्यावरून मुलगा का मुलगी ते जाहीर करायचे आणि निम्म्या वेळा तोंडावर आपटायचे.

त्या गठ्ठ्यांत खात्याचा साठ वर्षांचा पत्रव्यवहार होता. प्लेगच्या टोचणीला गावकरी येत नाहीत, पोलीस पाठवावा. देवीची लस बर्फात घालून पाठवली होती, बर्फ पोचला, लस पोचली नाही. विहिरीत औषध टाकल्यापासून पाणी जांभळं झालं आहे, जनावरं पीत नाहीत, माणसांचं नंतर कळवू. एका गावच्या पाटलानं लिहिलं होतं, 'येथील नर्सबाई स्वभावाने कडक असून गावास पसंत आहेत. सबब त्यांची बदली झाल्यास पुढील नर्सबाईंच्या जेवणाची जबाबदारी गावावर नाही.' मी असली पत्रं वाचत बसायची आणि एकटीच हसायची. पगार मिळाला नसता तरी मी त्या खोलीत बसले असते, असं मला तेव्हा वाटायचं. पण वाटून काय उपयोग? मी हंगामी होते. दर महिन्याला माझी ऑर्डर संपायची, एक दिवस घरी बसायचं, मग साहेबांची मर्जी असली तर पुन्हा नवी ऑर्डर. अशी तीन वर्षं काढली होती.

त्यातच आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. पाडव्यापर्यंत नोकरी कायम झाली तर तुझं तू बघ, नाहीतर गावी यायचं आणि मी दाखवीन त्याच्याशी लग्न करायचं. दाखवणार तो कोण हे मला माहीत होतं. मला ती नोकरी हवी होती, माझी भाड्याची खोली हवी होती. आणि ती मिळायचा रस्ता एकच होता. बुधवारी पुण्याहून प्रभुदेसाई नावाचे तपासणी अधिकारी येणार होते. दप्तर नीट लागलेलं दिसलं तर ते माझ्याबद्दल चांगला शेरा लिहिणार, त्या शेऱ्यावर मी कायम होणार. नाही दिसलं तर लग्न.

म्हणून तर मी भोगीला शिडीवर होते.

सिस्टर आत आल्या. पदराखाली एक लेकरू होतं. त्या जात्याच शिस्तीच्या, नगरकडच्या, बोलणं दोन शब्दांत. त्यांनी सांगितलं ते असं, की कारखान्याचा गळीत हंगाम चालू, ऊसतोडीच्या बायका रोज बाळंत होताहेत, वॉर्ड भरून खाली सतरंज्या टाकल्यात. बाळांची दुपटी धुतली तर या धुक्यात वाळत नाहीत. आणि साठ्यातलं नवं कापड बायका बाळाला लावू देत नाहीत, कारण बारशापर्यंत लेकराच्या अंगाला नवं लावायचं नाही, जुनंच लावायचं. या बायका बीडकडून येताना दोन लुगड्यांनिशी आलेल्या, त्यांच्याकडं जुनं कुठून असणार? जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड या गावात एकाच ठिकाणी ढिगानं होतं.

मी साफ नाही म्हटलं. हे सरकारी दप्तर आहे, बुधवारी तपासणी आहे, माझ्या पोटावर पाय येईल, असं बरंच काही बोलले. मी बोलायला लागले की मला थांबता येत नसे. सिस्टरांनी मध्येच माझा हात धरला आणि लेकराच्या पावलावर ठेवला. ते पाऊल माठाच्या बुडासारखं गार होतं. दहा दिवसांची मुलगी, मुक्ता नावाच्या पहिलटकरीण पोरीची लेक. वजन कमी म्हणून ठेवून घेतलेली, एकदोन दिवसांत सोडायची होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, रडतही नव्हती. रडत नव्हती याचंच मला फार वाईट वाटलं.

मी हातातला गठ्ठा सोडला आणि रुमाल सिस्टरांना दिला. एक दिला की दुसरा न देण्याला काही कारण उरत नाही. तासाभरात सगळी खोली उघडी पडली. आवारातल्या मोठ्या हंड्यात सोडा घालून रुमाल उकळले, चुलाणाभोवती दोऱ्या बांधून वाळवले, आणि दिवेलागणीला वॉर्डातलं एकेक लेकरू लाल कापडात गुंडाळून झालं. प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात आमच्या कचेरीचा काळा शिक्का होता, 'कायम अभिलेख, नष्ट करू नये'. तो काही उकळून गेला नव्हता. तातोबा ओळीनं सगळी पोरं बघून आले आणि म्हणाले, "बाई, पोरांचं झकास झालं. तुमचं काय आता खरं नाही."

खरं नव्हतंच. कपाटांवर साठ वर्षांची पत्रं सुतळीनं बांधून नागवी पडलेली. नव्या कापडाची मागणी मी दिवाळीतच पुण्याला पाठवली होती, दोन स्मरणपत्रंही पाठवली होती. उत्तर आलं होतं, की तपासणीनंतर कापड मंजूर करण्याचा विचार होईल. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोमवारी संक्रांत. आमच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी, नलिनीताई, बंगल्यावर हळदीकुंकू करायच्या. सगळ्या कचेरीच्या, शाळेच्या, बँकेच्या बायका जमायच्या. मी बिनलग्नाची, मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी गेले. घरी बसून रडण्यापेक्षा बरं. ताई सगळ्यांना वाण म्हणून चहाची गाळणी वाटत होत्या. माझ्यापुढं गाळणी आली तेव्हा मी म्हटलं, ताई, मला हे नको. मला एक जुनं लुगडं द्या, नाहीतर दीड हाताचा मजबूत तुकडा द्या. आणि इथं बसलेल्या प्रत्येकीनं उद्या एकेक द्या. यंदा वाण तुम्ही मला द्यायचं.

मग मी कोपऱ्यात बसलेल्या सिस्टरांकडं बोट दाखवून झाली ती गोष्ट सांगितली, शिक्क्यासकट. शिक्क्याशी आल्यावर बँकेच्या मॅनेजरच्या बायकोला ठसका लागला. एकीनं विचारलं, म्हणजे आता ही पोरं सरकार सांभाळणार का? दुसरी म्हणाली, माझ्या दोघांवरही मारून द्या तो शिक्का, निदान हरवायची तरी नाहीत. नलिनीताईंनी हसू आवरून सांगितलं, उद्या किंक्रांत आहे, चांगलं काम करू नये म्हणतात, पण हे काम चांगलं आहे असं आपण कुणाला सांगायचंच नाही.

मंगळवारी दुपारी त्या आल्या. मला वाटलं होतं चार-पाच जणी येतील. आल्या पिशव्या भरभरून. इरकली लुगडी, बांधणीच्या साड्यांचे पदर, नवऱ्यांची धोतरं, एका पोरीचा फुलाफुलांचा परकर, हेडमास्तरांच्या घरचे खिडकीचे पडदे. आल्या त्या आल्या, पदर खोचून बसल्याच. मी वर्षवार पत्रं लावून द्यायची आणि त्यांनी बांधायची. बांधताना वाचायचं नाही असं मी सांगितलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. पाटलाच्या नर्सबाईचं पत्र तर तीनदा मोठ्यानं वाचलं गेलं. देवीच्या साथीचा गठ्ठा आला तेव्हा नलिनीताईंच्या सासूबाई म्हणाल्या, हिला कसलंही फडकं चालायचं नाही. त्यांनी घरून हिरवं खणाचं कापड आणवलं, गठ्ठा बांधला, वर हळदकुंकू वाहिलं, खालच्या फळीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि हात जोडले. नियमाप्रमाणं त्याची जागा खालीच होती. मी तो वरच राहू दिला.

दिवे लागले तेव्हा खोलीभर रंगच रंग झाले होते. मी दारात उभी राहून बघितलं आणि मला इतका आनंद झाला की उद्याची तपासणी दोन मिनिटं मी विसरूनच गेले. मग आठवली आणि पाचावर धारण बसली.

प्रभुदेसाई साहेब बुधवारी दहाच्या ठोक्याला आले. कृश, गोरे, कोटाची सगळी बटणं लावलेले. त्यांनी आत पाऊल टाकलं, थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हे काय आहे?"

"आवक-जावक पत्रव्यवहार, साहेब," मी म्हटलं. "वर्षवार."

ते हात मागे बांधून फळ्यांपुढून हिंडले. एका फुलाफुलांच्या गठ्ठ्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. सुइणींच्या शिक्षणाबद्दलचा अमुक सालचा पत्रव्यवहार काढा. मी चटकन मोतिया रंगाच्या लुगड्यातून काढून दिला. हिवतापाची फवारणी काढा. ती हेडमास्तरांच्या पडद्यात होती. देवीची साथ म्हणाले आणि स्वतःच वरच्या फळीकडं हात नेला, तोच तातोबा अदबीनं म्हणाले, साहेब, तेवढी चप्पल काढता का? आश्चर्य म्हणजे साहेबांनी काढली.

पत्रं सगळी सापडली. मला वाटलं जिंकलं. पण माणूस कसलेला. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर मागवलं आणि विचारलं, की लाल रुमाल, जे यात सरकारी मालमत्ता म्हणून लिहिलेत, ते कुठे आहेत? मी सांगितलं, शेजारच्या वॉर्डात आहेत, वापरात आहेत. ते म्हणाले, सांगितलेलं मी धरत नाही. प्रत्येक रुमालावरचा शिक्का डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही. एक जरी कमी भरला, तर तुमच्याबद्दल मला काय लिहावं लागेल ते तुम्हाला कळतं ना? मला कळत होतं.

वॉर्डात सिस्टरांनी त्यांना आधी साबणानं हात धुवायला लावले. मग ते खाटेखाटेशी वाकून शिक्के बघू लागले. बाळंतिणी पदर तोंडाशी धरून हसायच्या. एकीनं, साहेब, नीट बघा की, म्हणत सरळ पोर त्यांच्या हातात दिलं, आणि पोरानं त्यांच्या कोटावर काय करायचं ते केलं. साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी कोट झटकला, रजिस्टरात खूण केली आणि पुढच्या खाटेकडं गेले. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

शेवटच्या सतरंजीपर्यंत गेलो आणि एक रुमाल कमी भरला.

सिस्टर पुढं झाल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, तो मीच दिला. मुक्ताची मुलगी, वजन भरलं, सोमवारी घरी सोडली. थंडीत उघडी कशी पाठवू? त्यांची टोळी ओढ्यापलीकडं उतरली आहे. साहेबांनी घड्याळात बघितलं. त्यांची पुण्याची गाडी दुपारची होती. ते म्हणाले, जीप काढा.

ओढ्यापलीकडं पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्यांची, रांग होती. बाकीच्या कोप्या रिकाम्या, माणसं फडात गेलेली. एकीपुढं मात्र पाचसहा बायका अंघोळ करून, कुंकू लावून बसल्या होत्या. मध्ये दोन खांबांना लाल रुमालाची झोळी बांधलेली आणि तीत मुक्ताची लेक झोपलेली. तिचं बारसं होतं. माझा जीव भांड्यात पडला. रुमाल तर सापडला. शिक्क्याचा कोपरा मात्र आत दुमडून बाळाच्या पाठीखाली गेला होता.

साहेबांनी सांगितलं, बाळाला क्षणभर उचला, मी शिक्का बघतो आणि जातो. मुक्ताची सासू, चांगुणाबाई, काटक म्हातारी, झोळीच्या आडवी उभी राहिली. एकदा पाळण्यात घातलेलं लेकरू नाव ठेवल्याबिगर उचलायचं नाही, मग साहेब असो की साहेबाचा बाप. बरं, मग ठेवा नाव, साहेब म्हणाले. ते कसं ठेवणार? नाव आत्यानं ठेवायचं. लेकराची आत्या दुसऱ्या कारखान्यावरच्या टोळीत, तिला परवा निरोप धाडलाय, ती सकाळपासून आलेली नाही. म्हणून तर या बायका अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बसून होत्या. कामून बसला असं मुकादम दोनदा विचारून गेला होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. ओढ्याकडच्या वाटेकडं बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. मग ते माझ्याकडं वळले आणि ज्या आवाजात त्यांनी हिवतापाची फवारणी मागितली होती त्याच आवाजात म्हणाले, "खराडे, तुम्ही व्हा आत्या."

मी गडबडले. जे सुचलं ते बोलून गेले. "साहेब, मी कशी? मी तर हंगामी आहे."

साहेब काही बोलायच्या आत चांगुणाबाईनं माझ्या दंडाला धरलं.

"हंगामी तर आम्ही बी हाव, बाई. पर आत्या कुठं हंगामी आसती व्हय?"

मुक्तानं सरकून मला झोळीशी जागा करून दिली. मी खाली बसले, वाकले, त्या चिमुकल्या कानाशी तोंड नेलं आणि मला सुचलं ते एकच नाव सांगितलं, सुवार्ता. ते आमच्या सिस्टरांचं नाव होतं. बाहेर मोठ्यानं सांगितल्यावर चांगुणाबाईनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, चांगलं हाय, आमच्यात कुणाचंच नाय. मग बायकांनी 'कुर्रर्र' केलं आणि रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. दिवसभर कोयता चालवणारे हात ते. चांगलं जन्मभर लक्षात राहील असं बडवलं मला. मुक्ता हसत होती आणि लेक जागी होऊन पहिल्यांदाच टाहो फोडून रडत होती.

तिला उचललं. साहेबांनी वाकून शिक्का बघितला, रजिस्टरात शेवटची खूण केली. बायकांनी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. त्या त्यांनी उभ्यानंच खाल्ल्या. रुमाल काढून द्यायला मुक्ता हात लावायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, राहू द्या, वस्तू जागेवर आहे.

जीपमध्ये बसून त्यांनी शेरा लिहिला. खड्ड्यांमुळं पेन उडत होतं. मध्येच त्यांनी विचारलं, हंगामी म्हणून किती काळ काम करताय? मी सांगितलं. मग त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या आणि रजिस्टर माझ्यापुढं धरलं. लिहिलं होतं, 'सर्व रुमाल वापरात व सुस्थितीत आढळले. लिपिक कु. खराडे यांना यापुढे हंगामी ठेवणे उचित नाही. विनाविलंब कायम करावे.'

"ती बाई म्हणाली ते बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मी मान खाली घातली. तातोबा पुढच्या बाकावरून वळून बघत होते. त्यांनी विचारलं, बाई, रडताय का?

मी म्हटलं, पाठीत लागलंय.